सव्वा तासाची मुंबई

उदयसिंह विमानानं मुंबईला निघाला, त्या सकाळी इंदूरच्या तुकोगंजातल्या त्यांच्या चार खोल्यांत इतकी माणसं लोटली की मागून आलेल्यांना उदयसिंह दिसलाच नाही. ते एकमेकांनाच नारळ देऊन आणि जपून जा म्हणून बजावून घरी परतले. सांवेरहून एक मावसभाऊ बैलगाडी जुंपून आला होता. आपल्या मुंबईच्या जावयाला द्या म्हणून त्यानं मक्याच्या कणसांचं पोतं आणलं होतं. विमानात माणसाचंसुद्धा वजन करतात हे कळल्यावर त्यानं उदयसिंहाकडे अशा नजरेनं पाहिलं, की कणसं की उदयसिंह असा सवाल आला तर त्याचं उत्तर तयार असावं. एका आत्याबाईंनी खिडकीपाशी बसू नकोस, डोळ्यांत कोळसा जातो, असं दोनदा सांगितलं. भाद्रपद होता, रात्रभर पाऊस कोसळला होता, आणि एवढ्या सगळ्यांच्या पायांचा काळा चिखल ओसरीपासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरला होता. त्यात हरभरे पेरले असते तर उगवले असते.

मध्य प्रदेश होऊन तीन-चार वर्षं झाली होती. राजधानी भोपाळला गेली ती गेलीच, पण विमान अजून आपल्याकडे उतरतं, एवढं इंदूरकर येईल त्याला ऐकवत असत. पण विमान पाहणं वेगळं आणि घरचा माणूस त्यात बसणं वेगळं. उदयसिंह एका कापड गिरणीत इंजिनियर होता. विणाईखात्यातल्या मोठ्या मशीनचं एक चाक तडकलं, ते चाक फक्त मुंबईत मिळणार होतं, आणि शेठजींनी सांगितलं की रेल्वेनं नाही, विमानानं जा. नेमका दिवस महालक्ष्म्या बसवायचा. सखुबाईंनी, म्हणजे उदयसिंहाच्या आईनं, शेठजींना मनातल्या मनात जे काही ऐकवलं ते शेठजींनी ऐकलं असतं तर गिरणी त्याच दिवशी विकली असती.

आता त्या घरात एक रीत होती. घरातला माणूस गावाला गेला, की तो मुक्कामी टेकेपर्यंत मागे केर काढायचा नाही. काढला तर माणूस वाटेतच अडकतो. या घराण्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या सरकारच्या घोडदळात, त्यामुळे ही रीत त्यांच्या बायकांनी फार कडक पाळलेली. घरातले एक पणजोबा स्वारीवर गेले आणि सात महिने परतले नाहीत, तेव्हा म्हणे घरात धूळ इतकी चढली की पणजीबाई धुळीतूनच चूल उकरून काढत आणि सासूबाई कुठल्या खोलीत आहेत हे खोकल्यावरून ओळखत. हे जयसिंगराव सांगत. जयसिंगराव म्हणजे उदयसिंहाचे वडील, सखुबाईंचे यजमान, जुन्या सरकारातले रिसालदार, आता पेन्शनीवर.

उदयसिंह रेल्वेनं गेला की हिशोब सोपा होता. आज दुपारी गाडी, उद्या दुपारी मुंबई, परवा सकाळी केर. पण या खेपेला विमान. आणि संध्याकाळी दारातून देवघरापर्यंत हळदी-कुंकवाची पावलं काढून महालक्ष्म्यांना आत आणायचं, ते या चिखलावरून कसं? किती वेळानं केर काढला तर चालेल, हे उदयसिंहालाच विचारायचं राहून गेलं होतं. एरोड्रमकडे जाणारी गिरणीची मोटार कोपऱ्यावरून वळली तेव्हा सखुबाईंच्या ते ध्यानात आलं.

त्यांनी केरसुणी हातात घेतली नाही. तिच्याकडे फक्त पाहिलं. मग ओसरीवर आल्या आणि जयसिंगरावांना विचारलं, "अहो, विमान मुंबईला किती वेळात पोचतं?"

आता जयसिंगरावांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांना कुठल्याही गोष्टीचं उत्तर येत नाही असं आजवर झालं नव्हतं. त्यांची मैना नावाची घोडी होती. संध्याकाळची तोफ सुटायच्या क्षणी ते इंदूरहून निघत आणि सिमरोलच्या घाटात तोफेचा आवाज पोचायची वाट पाहत उभे राहत, म्हणजे आवाज मागे राहिला असं नको व्हायला. त्याच घाटात एका वाघानं मैनेला वाट सोडली, ती भीतीनं नव्हे, तर ओळखीनं. आणि विमानाचं म्हणाल तर जयसिंगराव पूर्वी एकदा एका साहेबाच्या विमानात बसले होते; महूपर्यंत गेले आणि फार सावकाश चालतं म्हणून उतरले. यात खरं एवढंच होतं, की साहेबाचं विमान एकदा बिजासनच्या टेकडीजवळ माळावर उतरलं होतं, आणि गुरांनी त्याचे कापडी पंख चाटू नयेत म्हणून जयसिंगरावांना भाला देऊन तिथे पहाऱ्याला उभं केलं होतं.

आळीतली माणसं या गोष्टींना हसत, मुलगी मंगला तर तोंडावरच हसे. सखुबाई मात्र कधी हसल्या नाहीत. भाकरी थापता थापता ऐकत, मधूनच "मग?" म्हणत. पस्तीस वर्षं त्या "मग?" म्हणत आल्या होत्या. जगात आपल्यावर पुरता विश्वास ठेवणारं एक माणूस आहे आणि ते आपल्याच घरात आहे, याचा जयसिंगरावांना मोठा आधार होता.

तर प्रश्न आला. उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. समोरच्या घरात दिवाकर राहत होता, गिरणीच्या ऑफिसात कारकून. त्याला विचारता आलं असतं. पण जयसिंगरावांनी मिशीवर हात फिरवला, आभाळाकडे पाहिलं, वारा कुठून येतो ते बोट ओलं करून तपासलं. मैनेला मुंबई सोळा मजलांची वाट, आणि विमानात घोडे किती, वगैरे थोडं पुटपुटले. सव्वा हा आकडा शुभ असतो. देवाला सव्वा रुपया, सव्वा शेर. त्यांच्या तोंडून आपसूक निघालं,

"सव्वा तास."

"नक्की?"

"अगं, मी बसलोय त्यात."

सखुबाईंनी घड्याळात पाहिलं. नऊनंतर थोड्या वेळानं घरावरून घरघर गेली, मंगलानं गच्चीवर धावत जाऊन हात हलवला. तिथून सव्वा तास सखुबाई हातपाय आवरून बसल्या. आणखी थोडा वेळ, सावधगिरी म्हणून, थांबल्या. मग पदर खोचला आणि ओसरीपासून देवघरापर्यंत घर असं झाडलं, धुतलं, पुसलं, की जमिनीत छपराचे वासे दिसायला लागले. जयसिंगराव खाटेवर पाय वर घेऊन बसले होते आणि इकडे राहिलं, तिकडे राहिलं, असं बोटानं दाखवत होते.

शेवटची बादली अंगणात ओतली तेव्हा दिवाकर फाटकात आला. मंगलाकडून पूजेसाठी पानं न्यायला म्हणून आला होता. सहजच म्हणाला, "काकीजी, अब तो पोचतच असेल उदय भिया. दोन तास लागतात ना, आता खाली उतरायला लागलं असेल विमान."

सखुबाईंच्या हातात रिकामी बादली होती. त्यांनी जयसिंगरावांकडे पाहिलं. जयसिंगरावांनी दिवाकरला सांगितलं की ती जुनी विमानं रे, हल्लीची वेगळी. दिवाकर म्हणाला, नाही काकासाहेब, विमान तेच, दोन तासांचंच. तिकीट मीच काढलं. आणि तो पानं घरी ठेवून ऑफिसला गेला.

माणूस आकाशात असताना घर झाडून झालं होतं.

तरी तोवर फार काही बिघडलं नव्हतं. जयसिंगरावांनी मनाशी म्हटलं की दुपारी शेठजींच्या मुंबईच्या पेढीवरून गिरणीत फोन येईल, दिवाकर सायकलवरून येऊन सांगेल आणि संपलं. दिवाकर आला, पण सांगायला वेगळंच आलं. पेढीचा माणूस मुंबईच्या विमानतळावर उभा आहे, विमान उतरलेलं नाही. मुंबईत पाऊस असा, की हात लांब केला तर स्वतःची बोटं मोजता येत नाहीत. त्यानंतर ट्रंक कॉल लागेनासा झाला. दिवाकर हे सगळं जयसिंगरावांना फाटकापाशी हळू आवाजात सांगत होता, आणि सखुबाई दाराआड उभ्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या रडल्या असत्या तर जयसिंगरावांना बरं वाटलं असतं. रडणाऱ्या माणसाला काही सांगता येतं. सखुबाई कामाला लागल्या. महालक्ष्म्यांचे मुखवटे कोरड्या फडक्यानं पुसले, साड्यांच्या निऱ्या केल्या, हळदीनं आणि कुंकवानं दारापासून पावलं काढली. मंगला थाळी वाजवत होती आणि तिचा ताल चुकत होता. प्रत्येक खोलीपाशी थांबून विचारायचं असतं, महालक्ष्मीनं काय आणलं, आणि घरच्या माणसानं उत्तर द्यायचं असतं: धान्य आणलं, सोनं आणलं, मुलंबाळं आणली. धान्य, सोनं सखुबाईंनी म्हटलं आणि मुलंबाळं हा शब्द न म्हणताच त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. मंगलानं म्हणून टाकला. जयसिंगराव बाहेरच्या खोलीत टोपी हातात धरून उभे होते. त्यांनी छत्री घेतली आणि एरोड्रमला जायला टांगा पाहायला निघाले.

बिजासनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाणीच पाणी होतं. टांगेवाला म्हणाला की घोडं पोहायला लावायचं असेल तर भाडं वेगळं. एरवी जयसिंगरावांनी त्याला मैना नर्मदा कशी पोहली ते सांगून अर्ध्या भाड्यात नेलं असतं. त्या दिवशी तो म्हणाला ते भाडं त्यांनी कबूल केलं.

एरोड्रम म्हणजे माळावरची एक लहान इमारत, पुढे ओला झेंडा. आत एक बाबू टेबलावर पाय वर घेऊन बसला होता, कारण खाली पाणी शिरलं होतं. जयसिंगरावांनी विचारलं, मुंबईच्या विमानाचं काय झालं. बाबूला माहीत नव्हतं. तार-टेलिफोन दोन्ही बंद. इथून वेळेवर उडालं, पुढचं मुंबईवाले सांगतील, आणि मुंबईवाले सध्या ऐकू येत नव्हते. मग जयसिंगरावांनी, का कोण जाणे, तो प्रश्न विचारला जो त्यांनी सकाळी विचारायला हवा होता.

बाबूनं भिंतीकडे हात केला. भिंतीवर नकाशा होता, इंदूरहून मुंबईपर्यंत तांबडी सरळ रेघ. "हवा में तीन सौ पंद्रह मील," तो म्हणाला. "दो घंटे. हवा उलटी हो तो सवा दो. और बाबूजी, कभी-कभी कल."

जयसिंगरावांनी त्या रेघेकडे पाहिलं. मैनेच्या सोळा मजलांत सातपुडा होता, नर्मदा आणि तापी होत्या, धर्मशाळा होत्या, पाणी भरायच्या विहिरी होत्या. या रेघेत मधे काहीच नव्हतं. माणूस कुठे अडकला असेल, हे मनात आणायलासुद्धा तिथे जागा नव्हती.

वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको, म्हणून इथेच सांगून टाकतो. उदयसिंह त्या घटकेला औरंगाबादेत एका सरकारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून गरम भजी खात होता. मुंबईवर ढग बसलेले पाहून वैमानिकानं विमानाचं तोंड वळवलं होतं आणि ते तिथे आणून उतरवलं होतं. उदयसिंहाला भजी थोडी तिखट लागली, याखेरीज त्याला काहीही झालं नव्हतं. तारघरात जाऊन त्यानं दोन तारा केल्या होत्या, आणि त्या पावसात कुठल्याशा खांबावर अडकून पडल्या होत्या. तेव्हा त्याची काळजी आपण सोडू. काळजी आहे ती टांग्यात बसून परत येणाऱ्या म्हाताऱ्याची, कारण त्याला हे काहीही ठाऊक नव्हतं आणि घरी गेल्यावर त्याला काहीतरी सांगायचं होतं.

आणि सांगायला त्याच्याकडे होतं. तुकोगंज येईपर्यंत गोष्ट जवळजवळ तयार झाली होती. विमान नाशिकला उतरलं आहे, बाबूनं स्वतः दाखवलं, वैमानिक ओळखीचा निघाला, आपल्याच रिसाल्यातल्या एकाचा मुलगा, उदयसिंहाला त्यानं जेवायला घरी नेलंय. इतकी छान गोष्ट, की जयसिंगरावांना स्वतःलाच धीर आला. वैमानिकाच्या आईनं काय वाढलं इथपर्यंत त्यांची तयारी झाली होती. सखुबाई म्हणतील, "मग?"

घरात दिवे लागले होते. महालक्ष्म्या बसल्या होत्या, नवी साडी, नथ, पुढे फळांचा ढीग. सखुबाई त्यांच्यासमोर बसल्या होत्या. शेजारच्या बायका कुंकू लावून आणि घरातले चेहरे पाहून लवकर निघून गेल्या होत्या. मंगला आत होती. जयसिंगरावांनी छत्री दाराशी टेकवली, तिचं पाणी पुसलेल्या जमिनीवर ओघळत गेलं.

"काय कळलं?" सखुबाईंनी न वळता विचारलं.

जयसिंगरावांनी तोंड उघडलं. नाशिक अगदी ओठावर होतं. सखुबाईंची पाठ दिसत होती, आणि सकाळी खोचलेला पदर अजून खोचलेलाच होता. सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"काही कळलं नाही," ते म्हणाले. "बाबूलाही माहीत नाही." मग पुढे, "आणि ते सव्वा तास. ते मी असंच सांगितलं. मला माहीत नव्हतं."

सखुबाईंनी महालक्ष्म्यांपुढची वात पुढे सारली. जयसिंगरावांना वाटलं, आता पस्तीस वर्षांचं सगळं कोसळणार. म्हणून त्यांनी आणखीही कबूल करायला सुरुवात केली, साहेबाच्या विमानात मी बसलोच नव्हतो, नुसता पहारा—

"ते माहीत आहे मला," सखुबाई म्हणाल्या. "तुमच्या गोष्टी खोट्या असतात हे लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. तोफ काय, वाघ काय. ऐकायला बरं वाटायचं, म्हणून ऐकलं. सकाळी मी गोष्ट विचारली नव्हती."

"मग मला कशाला विचारलंस? विमानाचं मला काय कळतं?"

"तुम्ही त्याचे बाप आहात म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या. "माहीत नसेल तर नाही म्हणाल, असं वाटलं."

एवढंच. त्या उठल्या, दारापाशी छत्रीचं पाणी जमलं होतं ते फडक्यानं टिपलं आणि त्यांचं ताट वाढलं. जयसिंगराव जेवले. न जेवता उठले असते तर तेही नाटकच दिसलं असतं, असं त्यांना वाटलं.

तार सकाळी आली. दिवाकरनं फाटकातूनच ओरडून सांगितलं, औरंगाबाद, सगळं ठीक. मंगला रडायला लागली. सखुबाईंनी देवापुढे साखर ठेवली, महालक्ष्म्यांची ओटी भरली, दिवाकरच्या हातावर लाडू ठेवला आणि जयसिंगरावांच्याही हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. सखुबाईंनी त्यांना सव्वा तासाबद्दल पुन्हा एक शब्द ऐकवला नाही. तोफेची गोष्ट निघाली की त्या आताही ऐकत, "मग?" म्हणत. फक्त ते "मग?" आता जयसिंगरावांना वेगळं ऐकू येई, आणि ते गोष्ट मध्येच आवरती घेत.

मग म्हातारबुवांनी एक चमत्कारिक नाद लावून घेतला. आठवड्यातून एकदा ते एरोड्रमवर जाऊन बाबूजवळ बसू लागले. स्टेशनावर जाऊन तिथला वेळांचा फलक पाठ करू लागले. खांडव्याची गाडी कधी, रतलामची कधी, भोपाळला विमान किती वेळात, वारा उलटा असला तर किती, ढग असले तर कुठे वळवतात. आळीतल्या माणसांचा पार हिरमोड झाला. मैनेचं काय झालं विचारलं, की हे सांगत, महूहून काळाकुंडपर्यंत गाडीला घाटामुळे जास्त वेळ लागतो. कट्ट्यावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. सगळं त्यांनी एका प्रश्नासाठी तयार ठेवलं होतं, आणि तो प्रश्न कधी येईल याची ते वाट पाहत होते.

थंडीत उदयसिंह पुन्हा विमानानं मुंबईला निघाला. या खेपेला निरोपाला कुणी आलं नाही, एव्हाना ते जुनं झालं होतं. आभाळ स्वच्छ होतं. मोटार वळली. जयसिंगराव मुद्दाम अंगणातच, उन्हात, खुर्ची टाकून बसले. सखुबाई दारात आल्या. जयसिंगराव सावरून बसले.

"मंगला," सखुबाई म्हणाल्या, "दिवाकरला विचारून ये, आज विमान किती वेळात पोचेल."

मंगलानं वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चप्पल घालून गेली. दिवाकर तोंडात दातवण घेऊन फाटकापर्यंत आला. त्यालाही हल्ली वेळा बदलल्या आहेत असं काहीसं ऐकून माहीत होतं, नक्की माहीत नव्हतं. त्यानं फाटकावरून वाकून जयसिंगरावांनाच विचारलं, "काकासाहेब, वेळ तीच आहे न, दोन तास?"

"वारा मागून आहे आज," जयसिंगराव म्हणाले. "दोनला पाच-दहा मिनिटं कमी. पण उतरल्यावर सामान मिळेपर्यंत धरून सव्वादोन म्हण. आणि फोन आल्याशिवाय खरं धरू नको."

दिवाकरनं ते मंगलाला सांगितलं. मंगलानं अंगण ओलांडून आईला सांगितलं. सखुबाई तिथेच, जयसिंगरावांच्या खुर्चीपासून तीन पावलांवर उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी मंगलाचं सांगून होईपर्यंत त्या थांबल्या. मग घड्याळ पाहायला आत गेल्या.